पाण्यावरची गाडी पुरे, आता बर्नरच्या भोकाकडे बघा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील यंत्र अभियांत्रिकी महाविद्यालयांचे आणि पॉलिटेक्निकचे विभागप्रमुख, प्रकल्प मार्गदर्शक आणि परीक्षक

सर, मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी बर्नर दुरुस्तीचं काम करतो. टॉवेल रंगवणाऱ्या एखाद्या प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर पेटत नाही, किंवा पेटला तरी टिकत नाही, की रात्री-अपरात्री फोन मला येतो. त्याआधी अकरा वर्षं एका गॅस टर्बाइनच्या (वायू जाळून त्याच्या झोताने पाती फिरवणाऱ्या यंत्राच्या) वीज केंद्रात देखभालीला होतो. आई थकली तेव्हा गावी परत आलो. तुमच्यातले दोन-तीन जण मला ओळखतात, कारण वर्षातून एकदा प्रोजेक्ट प्रदर्शनात परीक्षक म्हणून मला बोलावलं जातं आणि पुष्पगुच्छ दिला जातो. पुष्पगुच्छाबद्दल आभारी आहे. प्रोजेक्टबद्दल मात्र बोलायचं आहे.

यंदा एका कॉलेजात गेलो. कोणतं ते सांगत नाही, कारण मागची सहा वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी हेच बघतोय. लोणच्याची प्लास्टिकची बरणी. आत स्टीलच्या पट्ट्या आणि कॉस्टिकचं पाणी. बाहेर मोटारसायकलची बॅटरी. झाकणातून सलाईनची नळी निघून थेट कार्ब्युरेटरला. मागे फ्लेक्स: ‘हायड्रोजन, भविष्याचं इंधन’.

मी विचारलं, ‘बॅटरी कोण चार्ज करतं रे?’
‘सर, गाडीच करते, चालताना.’
‘आणि गाडी कशावर चालते?’
पोरगा हसला. हुशार होता, लगेच कळलं त्याला. पाण्यातून हायड्रोजन सोडवायला जेवढी ऊर्जा घालावी लागते, त्याहून जास्त तो जळताना परत देणार नाही. हा प्रश्न विषय मंजूर करतानाच कोणी विचारला असता, तर त्याचे चार महिने वाचले असते. आणि त्या नळीत नुसता हायड्रोजन नव्हता, हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमक्या स्फोटाच्या प्रमाणात मिसळलेले होते. शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग चालू होतं. मी पोरांना आधी बॅटरीची वायर काढायला लावली, मार्क मग दिले.

मुलांना हायड्रोजनचं वेड आहे, ही चांगली गोष्ट आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाची भाषा चालू आहे. राज्याचंही धोरण आलं. मुलं पेपर वाचतात, त्यांना त्यात आपलं काहीतरी करायचं असतं. माझी विनंती एवढीच की त्यांना खरा प्रश्न द्या. तो प्रश्न साध्या वर्कबेंचवर मावतो आणि त्याचं नाव आहे भोक. इंधन ज्यातून बाहेर पडतं ते बर्नरचं, नोझलचं भोक.

तुमच्यापैकी वयाने मोठ्या लोकांनी घरात पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह पाहिला असेल. आमच्या आईच्या स्टोव्हची ज्योत पिवळी पडायला लागली की ती पिन मारायची. पिन मारून मारून निपलचं भोक मोठं व्हायचं, मग पातेल्यांच्या बुडाला काजळी धरायची, आणि शेवटी मला सायकलवरून नवीन निपल आणायला पिटाळलं जायचं. भोक केसभर मोठं झालं तर भाकरीला धुराचा वास येतो, हे माझं ज्वलनशास्त्राचं पहिलं शिक्षण. टर्बाइनमध्ये काम करायला लागलो तेव्हा दिसलं की तिथेही गोष्ट तीच आहे. फक्त तिथे हवा १५-२० पट दाबाची आणि चारशे अंशांच्या पुढे तापलेली असते, आणि काजळीऐवजी हवा बिघडवणारी नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात.

पूर्वीच्या टर्बाइनमध्ये इंधन आणि हवा वेगवेगळ्या वाटेने येत आणि भेटतील तिथे जळत. जाळ भक्कम, सहसा विझत नसे. पण जिथे दोन्हींचं प्रमाण नेमकं जुळे तिथे तापमान दोन हजार अंशांच्या घरात जाई आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळे. त्यावर उतारा म्हणून पाणी किंवा वाफ मारत. मग साधारण १९८० नंतर दुसरी पद्धत रूढ होत गेली: इंधन आधीच भरपूर हवेत मिसळून घ्यायचं आणि मिश्रण पातळ ठेवून जाळायचं. तापमान आटोक्यात राहतं, धुराड्यातून निघणारी ऑक्साइडं २५ पीपीएमच्या (दहा लाखात २५ भागांच्या) खाली येतात, काही यंत्रांत तर एक आकडी. आजची बहुतेक मोठी यंत्रं नैसर्गिक वायूवर अशीच चालतात.

गोम इथेच आहे. आधी मिसळायचं म्हणजे ज्योतीच्या मागे नळीभर पेटायला तयार मिश्रण उभं असतं. नैसर्गिक वायूचा मुख्य भाग मिथेन. शांत मिश्रणात त्याची ज्योत सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते. हायड्रोजनची २ मीटरच्या वर सरकते, मिश्रण जरा दाट असेल तर ३ मीटरच्या आसपास. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो. हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कसाही पेटतो, आणि मिथेनला लागते त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान ठिणगी त्याला पुरते. त्यामुळे मिथेनसाठी बनवलेल्या नोझलमध्ये नुसता हायड्रोजन सोडला तर ज्योत उलटी चालत नोझलच्या आत येऊन बसते. आपल्या धंद्यात याला बॅकफायर म्हणतात.

बॅकफायर कसा होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तेही साध्या एलपीजीवर. एका प्रोसेस हाऊसमध्ये ऑर्डर कमी होती म्हणून ऑपरेटरने बॉयलर मंद चालवला होता. गॅस कमी केला, त्याबरोबर डॅम्पर, म्हणजे हवेची झडपही, अर्ध्याहून जास्त बंद केला. मी पोचलो तेव्हा बर्नर पेटलेला होता, पण काचेतून जाळ दिसेना. आवाज होता, जाळ नव्हता. मग मिक्सिंग पाइपकडे लक्ष गेलं. त्याच्यावरचा निळा रंग पापडासारखा फुगत होता. जाळ आत शिरला होता आणि पाइपच्या पोटात निवांत जळत होता. गॅस बंद केला, पाइप उतरवला, तर मधली जाळी वितळून तिचा गोळा झालेला. पूर्ण लोडवर वर्षभर ज्या बर्नरने तक्रार केली नाही, त्याने मंद चालवल्यावर दगा दिला. मिश्रण बाहेर पडण्याचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी झाला, एवढंच कारण. टर्बाइनवाल्यांची झोपही पूर्ण लोडपेक्षा अर्ध्या लोडवर आणि चालू-बंद करताना जास्त उडते.

जाळीचा मुद्दा मुलांना मुद्दाम सांगा. बारीक भोकातून ज्योत जाऊ शकत नाही, कारण धातू तिची उष्णता ओढून घेतो. खाणीत वापरायच्या, जाळीने वेढलेल्या डेव्हीच्या दिव्याचं तत्त्व हेच. मिथेनची ज्योत साधारण २ मिलिमीटरच्या फटीत विझते. हायड्रोजनची ०.६ मिलिमीटरपर्यंत जिवंत राहते, आणि दाब वाढला की त्याहून बारीक फटीतही. म्हणजे एलपीजी अडवणारी जाळी हायड्रोजनच्या दृष्टीने उघडं दार आहे. त्या लोणच्याच्या बरणीला तर तेवढीही जाळी नव्हती.

‘मग मिश्रण जोरात सोडा, ज्योत मागे येणारच नाही,’ असं कोणीतरी विद्यार्थी म्हणेल. म्हणू द्या, आणि मग त्याला उजनीच्या कालव्यावर न्या. मधोमध पाणी धावत असतं, काठाला मात्र गवताची काडीसुद्धा हलत नाही. नळीतही तसंच: मधे हवेचा वेग सेकंदाला शंभर मीटर असो, भिंतीला चिकटलेल्या थराचा वेग शून्य. मिथेनची ज्योत थंड भिंतीच्या इतक्या जवळ जाऊ शकत नाही, विझते. हायड्रोजनची जाते, आणि मग काठाकाठाने वर चढते. दुसरी वाट भोवऱ्याच्या पोटातून आहे. बऱ्याच नोझलमध्ये हवेला पाती लावून गरगर फिरवतात. मे महिन्यात आपल्या माळावर उठते तशी वावटळ तयार होते, तिच्या मध्यात दाब कमी असतो, त्यामुळे तापलेला वायू थोडा मागे खेचला जातो आणि ज्योतीला जागेवर बसवून ठेवतो. मिथेनसाठी हा उत्तम खुंटा. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र जळण्यामुळे तो भोवराच मागे सरकतो, आणि त्याच्या मागोमाग ज्योत नोझलमध्ये शिरते. बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातल्या लोकांनी भोवऱ्याच्या बरोबर मध्यातून हवेची एक सरळ धार सोडून त्याला पुढे रेटायची युक्ती करून दाखवली. सगळा खेळ पुन्हा एका भोकाचा.

ज्योत अडवायचा तिसरा उपाय मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कारागिरी आहे. मोठा जाळ नकोच. त्याचे शेकडो-हजारो चिमुकले जाळ करा. जर्मनीतल्या आखेनमध्ये हे काम झालं, त्याला मायक्रोमिक्स म्हणतात. विमानाच्या एका छोट्या सहायक टर्बाइनमध्ये त्यांनी सुमारे १६०० बारक्या ज्योती लावल्या होत्या. हवा एका अरुंद खाचेतून येते, हायड्रोजन तिला आडवा, मिलिमीटरच्या आतबाहेरच्या भोकातून मारला जातो, आणि दोघं तिथल्या तिथे मिसळत जळतात. आधी मिसळून ठेवलेलं काही नाही, म्हणजे ज्योतीला मागे जायला वाटच नाही. आणि ज्योत इतकी छोटी की वायू जास्त वेळ तापलेला राहत नाही, त्यामुळे ऑक्साइडंही कमी. कावासाकी कंपनीने २०१८ मध्ये जपानच्या कोबे शहरात १ मेगावॅटच्या वर्गातल्या टर्बाइनवर शंभर टक्के हायड्रोजन जाळून आसपासच्या इमारतींना वीज आणि उष्णता दिली. तेव्हा पाणी मारावं लागत होतं. पुढे २०२० मध्ये त्याच ठिकाणी मायक्रोमिक्स लावून पाण्याशिवाय चालवून दाखवलं. फ्रान्समध्येही २०२३ साली सीमेन्सच्या एका औद्योगिक टर्बाइनवर शंभर टक्क्यांचा प्रयोग झाला. म्हणजे गोष्ट होण्यासारखी आहे, पण अजून किराणा दुकानात मिळण्यासारखी नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. तुम्ही म्हणाल, सोलापुरात गॅस टर्बाइन कुठंय? नाही. आपल्याकडचं एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र कोळशावर चालतं. राज्यातली मोठी गॅस टर्बाइन उरणला आणि दाभोळला आहेत. पण भोकाचा अभ्यास करायला टर्बाइन लागत नाही, आणि पहिली दोन वर्षं हायड्रोजनही लागत नाही. खरं तर लागूच नये. विद्यार्थ्यांच्या हातात हायड्रोजनचा सिलिंडर द्या असं मी कधीच म्हणणार नाही. त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही.

लागतं काय? पाणी आणि रंग. रंगाचं गाव आहे आपलं! अॅक्रिलिकची चौकोनी नळी करा, तिच्यातून पाणी सोडा, आणि भिंतीतल्या भोकातून रंगाचं पाणी आडवं मारा. धार किती आत शिरते, कुठे वाकते, कुठे भिंतीला चिकटून राहते, मोबाइलवर सावकाश गतीचा व्हिडिओ काढला की दिसतं. धार किती आत जाईल हे ठरतं ते दोन्ही प्रवाहांच्या रेट्याच्या गुणोत्तरावर: घनता गुणिले वेगाचा वर्ग. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका, म्हणून हवेत शिरायला त्याला हवेच्या जवळजवळ पावणेचारपट वेग दिला तर दोघांचा रेटा सारखा होतो. पाण्यातल्या प्रयोगात दोन्हीकडे पाणीच, तेव्हा वेग सारखे ठेवले की तोच रेटा मिळतो. धार फार आत गेली तर मायक्रोमिक्समध्ये हायड्रोजन आतल्या भोवऱ्यात अडकतो आणि ऑक्साइडं वाढतात. कमी गेली तर भिंतीलगत रेंगाळतो. हे सगळं एका बादलीभर पाण्यात कळतं. (नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते मला माहीत आहे. तेच पाणी पंपाने फिरवा, गाळून घ्या.) घनतेचा फरकही बघायचा असेल तर पुढच्या वर्षी हवेत हीलियम मारा, हीलियम पेटत नाही आणि हायड्रोजनच्या बराच जवळचा आहे.

भोक पाडणं हाच खरा धडा आहे, आणि तो सगळ्यात कमी शिकवला जातो. मी एकदा हौसेने पितळेच्या चकतीत ०.६ मिलिमीटरची चोवीस भोकं पाडायला बसलो. सात ड्रिल मोडले. भोकं झाली, पण पिन गेज लावून बघितलं तर काही ०.६, काही ०.७. एवढ्याने काय होतं? क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणजे ०.७ च्या भोकातून ३६ टक्के जास्त इंधन. त्या एका भोकापुढचं मिश्रण दाट, ज्योत गरम, आणि ऑक्साइडं तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाहीत, शेवटी शेवटी उसळतात. सरासरी उत्तम दाखवणारं नोझल एका भोकामुळे नापास होऊ शकतं. आईच्या स्टोव्हचा निपल आठवला. म्हणून आज असे तुकडे ड्रिलने न करता निकेलच्या भुकटीचे थर लेझरने वितळवून छापले जातात. पण छापलेल्या भोकाची भिंत खरबरीत असते, त्यातून काय होतं हा पुन्हा नवा प्रश्न. एमटेकच्या विद्यार्थ्याला दोन वर्षं पुरेल.

गणिताचा एक छान प्रश्न फुकट देतो, तोंडी परीक्षेत विचारा. सारख्या घनफळात हायड्रोजनची उष्णता मिथेनच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी: घनमीटरला सुमारे १०.८ मेगाज्यूल, मिथेनची ३५.८. मग भोक तिप्पट मोठं करावं लागेल का? बहुतेक जण हो म्हणतील. पण हायड्रोजन हलका, त्याच दाबाला त्याच भोकातून तो २.८ पट घनफळाने धावतो. हिशोब केला तर साधारण ८५ टक्के उष्णता मिळते, भोक थोडंसंच वाढवावं लागतं. अडचण भोकाच्या आकाराची कमी आणि ज्योतीच्या स्वभावाची जास्त आहे, हे एका उदाहरणात कळतं.

ज्योतीच्या आवाजावरही एक प्रकल्प होतो, आणि प्रदर्शनात गर्दी खेचायची हमी माझी. मीटरभर लांबीचा लोखंडी पाइप उभा धरा, दोन्ही तोंडं उघडी, खालून पाव भागावर तारेची जाळी. खालून बर्नरने जाळी लाल करा आणि बर्नर काढून घ्या. पाइप हंबरायला लागतो, साधारण १७० ते १८० हर्ट्झचा सूर, सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या भोंग्यांशी स्पर्धा करील असा. राइक नावाच्या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये हे पाहिलं, आणि असं का होतं त्याचा नियम रॅले या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये सांगितला: दाब वाढलेला असतानाच उष्णता मिळत गेली तर आवाज वाढत जातो. टर्बाइनमध्ये हाच सूर लागला की नोझलच्या वेल्डला तडे जातात. मी असे तडे बोटाने चाचपलेत. हायड्रोजनची ज्योत आखूड असते, त्यामुळे इंधन भोकातून निघून जळेपर्यंतचा वेळ बदलतो आणि मिथेनवर गप्प बसलेलं यंत्र वेगळ्याच सुरात गायला लागतं. पाइपमधली जाळी वर-खाली सरकवून मुलांना हे हाताने अनुभवता येईल. वरच्या अर्ध्यात नेली की पाइप गप्प. का, ते मुलांनीच शोधावं.

फ्लेक्सवर छापण्याआधी आकडे तपासून घ्या, हीसुद्धा विनंती. ‘३० टक्के हायड्रोजन मिसळला, कार्बन ३० टक्के घटला’ असं दरवर्षी कुठेतरी लिहिलेलं असतं. घनफळाने ३० टक्के मिसळला तर उष्णतेत त्याचा वाटा जेमतेम ११ टक्के, कार्बनही तेवढाच घटतो. पीपीएममध्येही फसगत आहे. धूर कोरडा करून मोजतात आणि त्यात १५ टक्के ऑक्सिजन आहे असं धरून आकडा काढतात. हायड्रोजनच्या धुरात वाफ जास्त, ती काढून टाकली की उरलेल्यात ऑक्साइडं दाट दिसतात. तेवढीच उष्णता, तेवढीच ऑक्साइडं, तरी शुद्ध हायड्रोजनचा आकडा मिथेनपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगलेला दिसू शकतो. इथे हायड्रोजनवर अन्याय होतो, वरच्या उदाहरणात त्याची फुकटची स्तुती होते.

आणि खर्चाचं लपवू नका. किलोभर हायड्रोजन करायला ५० युनिटांच्या वर वीज लागते, त्याच्या पोटात ३३ युनिटं असतात, आणि उत्तम टर्बाइन व तिच्या धुराच्या उष्णतेवरची वाफेची टर्बाइन मिळूनही हातात पडतात विसेक. नऊ लिटर शुद्ध पाणी वेगळं. वीज थेट वापरता येत असेल तर हा द्राविडी प्राणायाम कोणी करू नये. पण पावसाळ्यात ढग आठवडाभर हटत नाहीत, वाराही पडतो, तेव्हा साठवलेलं काहीतरी जाळावंच लागेल. त्या दिवसांसाठी हे काम आहे. मुलांना एवढं सांगितलं तरी ती रुसत नाहीत, उलट जास्त प्रश्न विचारतात.

मागणी मोठी नाही. पुढच्या जूनमध्ये विषयांची यादी कराल तेव्हा पाण्यावरची गाडी बाहेर ठेवा आणि एका तरी गटाला नोझलचं भोक द्या. मार्क देताना ज्योत पेटली का हे विचारू नका; भोकं किती पाडली, किती एकसारखी निघाली, कुठलं का बिघडलं, हे विचारा. बिघडलेल्या भोकांची वही नीट ठेवली असेल तर माझ्या लेखी तो गट पहिला. चेन्नईच्या आयआयटीत ज्वलनाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. अशी वही घेऊन गेलेल्या मुलाशी तिथले लोक बोलतील. फ्लेक्स घेऊन गेलेल्याशी बोलतील का, शंका आहे.

माझ्या शेडमध्ये ती चोवीस भोकांची चकती आहे, वितळलेल्या जाळीचा गोळा आहे, अॅक्रिलिकची एक गळकी नळीही आहे. बुधवारी मी दिवसभर मोकळा असतो. मुलांना पाठवा, सोबत तुम्हीही या. पाणी सांडतं, पण टॉवेल आणायची गरज नाही.

आपला,
एक बर्नर दुरुस्तीवाला
जुळे सोलापूर